चिकटलेली आढळली नाहीत

रिकामी नळी निळी झाली. झालं ते एवढंच. शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला मी प्रयोगशाळेतल्या सिंकपाशी उभी होते आणि रंग भलत्याच नळीत ओतला. ज्या नळीत चकती होती तिच्यात ओतायचा, तो शेजारच्या नळीत गेला; आदल्या दिवशी रिकामी केलेली, तीनदा खंगाळलेली, फेकायची म्हणून आडवी ठेवलेली ती नळी मी कधी उभी केली आणि काठोकाठ भरली ते माझं मलाच कळलं नाही. स्वतःवर चरफडत पाच मिनिटांनी मी रंग ओतून दिला, नळी धुतली आणि पांढऱ्या टाइलवर आपटली. तेव्हा दिसलं. तळापासून बरोबर जिथपर्यंत काल द्रावण उभं होतं तिथपर्यंत नळी आतून फिकट निळी होती. त्याच्यावर स्वच्छ, पारदर्शक. मध्ये पट्टी लावून मारल्यासारखी रेघ. माझ्या मनात पहिला विचार आला तो शास्त्राचा नव्हता. नळी कचऱ्याच्या डब्यात टाकावी, वर दोन हातमोजे टाकावेत आणि चहा प्यायला जावं, असा तो विचार होता.

हा रंग प्रथिनाला धरतो. स्वच्छ प्लास्टिकला धरत नाही, धरला असता तर नळी काठापर्यंत निळी झाली असती. म्हणजे तीनदा धुतलेल्या नळीच्या भिंतीवर प्रथिन बसलेलं होतं, आणि माझी तीन महिन्यांची वही सांगत होती की ते तिथे नाही. वही म्हणत होती, प्रथिन कुठेच चिकटलेलं नाही. चकतीला दिलेल्या आमच्या लेपापुढे त्याने हात टेकलेत. मी नळी डोळ्यांसमोर धरून फिरवत होते आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आत्या. ती नेमकी अशाच वेळी फोन करते.

“दिला बाई डोळा त्या कारागिराला, पॉलिशला,” आत्या म्हणाली. “आता सोमवारपर्यंत पट्टी. छापखान्यात सगळे विचारतायत, बोटी लुटायला कधीपासून जायला लागलात? ऐकतेस ना? का नळीत तोंड घातलंयस?”

“ऐकतेय.”

“मग हसली का नाहीस?”

मी हसले. चांगलं झालं नाही ते हसू. आत्याने फोन ठेवला. कामावरची माणसं एकमेकांशी जितकं बोलतात त्यापेक्षा आत्या जास्त बोलत नाही; तिची नजर सतत ओळीवर असते आणि ओळ थांबत नाही. ती छापखान्यात मुद्रितं तपासते. एकतीस वर्षं, एका डोळ्याने. दुसरा, डावा, ॲक्रिलिकचा आहे. माझ्या जन्माच्या आधी कधीतरी डोळ्याच्या मागे गाठ झाली आणि डोळा काढावा लागला. त्याची गोष्ट घरात कुणी रंगवून सांगत नाही, कारण आत्याला गोष्टी रंगवलेल्या आवडत नाहीत. लहानपणी मला वाटायचं की खोटा डोळा म्हणजे गोटी असणार. मग एकदा बेसिनच्या काठावरच्या वाटीत तो मी पाहिला. गोटी कसली, मोठ्या शिंपल्यासारखा पोकळ वाकडा तुकडा, पुढून डोळा आणि मागून काहीच नाही. मी तो उचलला तर बोटांना बुळबुळीत लागला, साबण पुरता न गेलेल्या बशीसारखा. “ठेव तो,” आत्या मागून म्हणाली, “अजून धुतलेला नाही.” तो बुळबुळीतपणा काय असतो हे कळायला मला पुढे पाच वर्षं कॉलेज आणि तीन वर्षं प्रयोगशाळा लागली. अश्रूंमधली प्रथिनं ॲक्रिलिकवर येऊन बसतात. आधी लहान आणि संख्येने जास्त असलेली पोचतात, मग मोठी येतात आणि त्यांतल्या काहींना उठवून स्वतः बसतात. बसली की उलगडतात, पसरतात, आणि पसरली की सहसा उठत नाहीत. त्यांच्यावर आणखी थर. पापणी त्यावर दिवसभर घासते, खुपतं, डोळ्यातून पाणी येतं, चिकट घाण येते. हे मी आत्याला एकदा सविस्तर समजावलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तुझा बाप आमच्याकडे आला की सोफ्यावर जसा बसतो, तसं.”

तर आत्याचा डावा डोळा कायम वाहतो. तिच्या बाहीत रुमाल असतो आणि दर पाच-सात मिनिटांनी तो, न बघता, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याला जाऊन येतो. मान हलत नाही, वाचन थांबत नाही. वैताग तिला त्या पाण्याचा नाही, लोकांचा आहे. बँकेतला माणूस आवाज खाली आणतो. छापखान्यात नवीन आलेली मुलगी पहिल्याच दिवशी तिच्या खांद्यावर हात ठेवते. एका लेखकाला तर वाटलं होतं की त्याचं प्रकरण वाचून तिला भरून आलं. त्याने आभाराची चिठ्ठी पाठवली. “त्याच्या प्रकरणात एकोणचाळीस चुका होत्या,” आत्या म्हणाली. “सगळे मला हळवी समजतात गं. मी आयुष्यात तीनदा रडलेय, आणि तिन्ही वेळा कुणी बघितलं नाही.” म्हणून जेव्हा मी घरी सांगितलं की आमचे सर अशा डोळ्यांसाठी एक लेप करतायत, इतका पातळ की दिसणारही नाही, पाणी धरून ठेवणारा, प्रथिनाला बसायला जागाच न देणारा, तेव्हा आत्याने चष्मा काढला. ती चष्मा काढते तेव्हा काहीतरी मागणार असते. “माझं नाव घाल,” ती म्हणाली. बारा जणांची यादी डोळे बनवणाऱ्या कारागिराने केली. आत्या सातवी. लेप सोमवारी लावायचा होता.

आता ती नळी. मी खुर्चीवर बसले आणि वही उघडली, खरं म्हणजे उघडायची गरज नव्हती. आमचा प्रयोग बाळबोध आहे. ॲक्रिलिकची नाण्याएवढी चकती नळीत टाकायची, वर अश्रूंमधल्या एका प्रथिनाचं द्रावण, दोन तास थांबायचं, चकती काढून धुवायची आणि तिच्यावर किती प्रथिन बसलं ते मोजायचं. लेप नसलेल्या चकतीवर भरपूर बसलं. लेप दिलेल्या चकतीवर जवळपास शून्य. त्या शून्याचा आलेख सरांनी मोठा करून दारावर लावलाय. पण प्रथिन महाग मिळतं, म्हणून द्रावण अगदी विरळ करायचं, असा सरांचा आग्रह. आणि इतक्या विरळ द्रावणात जेवढं प्रथिन असतं तेवढं सगळंच्या सगळं नळीची भिंत एकटी गिळू शकते. चकतीपर्यंत पोचणार काय? लेपाने कुणाला अडवलं नव्हतं. त्याच्या दारात कुणी आलंच नव्हतं.

आणि हे लेप नसलेल्या चकत्यांच्या बाबतीत का झालं नाही? कारण त्या काचेच्या नळ्यांत केल्या होत्या. वहीत तारीख होती, माझ्याच अक्षरात. आमच्या काचेला हे प्रथिन फार कमी धरतं. मग एक दिवस काचेची नळी माझ्या हातात फुटली, अंगठ्याला तीन टाके पडले, आणि मी भांडारात जाऊन मागणीपत्रावर लिहिलं: ‘यापुढे प्लास्टिकच्या नळ्या द्याव्यात.’ भांडारवाल्या काकांनी तेव्हा चष्म्यावरून बघून विचारलं होतं, “नळी बदलली तर चालेल ना तुम्हाला?” आणि मी पट्टी बांधलेला अंगठा नाचवत म्हटलं होतं, “काका, नळीचं काय एवढं?” तिथून पुढच्या सगळ्या चकत्या, म्हणजे लेप दिलेल्या सगळ्या, प्लास्टिकमध्ये. लेप नसलेल्या चकत्या पुन्हा करू का, असं मी सरांना विचारलं होतं, अगदीच विचारलं नव्हतं असं नाही. “त्या झाल्यात ना एकदा?” सर म्हणाले. “झाल्यात.” “मग?” मला त्या ‘मग’चा राग आला होता आणि बरंही वाटलं होतं. एक आठवडा वाचला होता.

मी तीन साध्या, लेप नसलेल्या चकत्या घेतल्या आणि तीन प्लास्टिकच्या नळ्यांत टाकल्या. हे दोन तास मला आयुष्यभर पुरतील. फ्रीज घरघरत होता, कोपऱ्यातलं थरथरवणारं यंत्र नळ्या हलवत होतं, दारावर शून्याचा आलेख होता आणि टेबलावर माहितीपत्रकांचा गठ्ठा, बारा सह्यांचा, पोटात पिन टोचलेला. त्याच्याकडे मी बघत नव्हते. कारण त्या पत्रकात एक वाक्य होतं आणि त्या वाक्यावरून आमचं भांडण झालं होतं. पत्रक सोप्या मराठीत हवं होतं, म्हणून मी मसुदा आत्याकडे नेला. तिने पेन्सिलने सगळीकडे टोचलं: इथे ऱ्हस्व, इथे स्वल्पविराम काढ, ‘सदर’ म्हणजे काय, तू काय पोलीस आहेस? ते सगळं मी मुकाट्याने घेतलं. पण चौथ्या ओळीत माझं वाक्य होतं, ‘या लेपामुळे डोळ्यावर अश्रूंमधील प्रथिने चिकटत नाहीत’, आणि आत्याने शेवटचे दोन शब्द खोडून वर लिहिलं होतं, ‘चिकटलेली आढळली नाहीत’. समासात प्रश्नचिन्ह.

“हे कशाला?” मी म्हटलं.

“तू बघितलंस म्हणून म्हणतेस ना? मग बघितलं तेवढंच लिही.”

“आत्या, अर्थ एकच आहे.”

“एकच आहे तर माझं राहू दे.”

“लोक घाबरतात अशा वाक्याने. वकिली वाटतं ते. तू शुद्धलेखन बघ, विज्ञान मी बघते.”

आत्याने माझ्याकडे नेहमीसारखं बघितलं, म्हणजे एका डोळ्याने माझ्याकडे आणि दुसऱ्याने माझ्या कानाच्या जरा पलीकडे. “बरं, शास्त्रज्ञीणबाई,” ती म्हणाली आणि रुमाल डाव्या डोळ्याला लावला. मी घरी येऊन वाक्य पूर्ववत केलं. नंतर तिने त्याच पत्रकावर, त्याच वाक्याखाली, सही केली. ते वाक्य तिने वाचलं नसेल हे शक्यच नाही. ती बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरही वाचते, तोही चुका शोधत. वाचलं, ओळखलं, आणि सही केली. तिने मला एक शब्द जरी बोलून दाखवला असता तर आज मला तिच्यावर चिडता आलं असतं.

साडेबारा वाजता आकडे आले. साध्या चकत्या, प्लास्टिकच्या नळ्या: जवळपास शून्य. जवळजवळ तेच शून्य, दारावरचं. लेप असो, नसो. मला हसायला आलं आणि मग अंगठ्यावरची जुनी खूण खाजायला लागली.

सर डबा खात होते. मी निळी नळी त्यांच्या डब्याशेजारी ठेवली आणि सांगितलं. सर मूर्ख नाहीत, हीच पंचाईत आहे. पहिल्या दोन वाक्यांतच त्यांना सगळं कळलं. त्यांचा घास हातात राहिला आणि मान हळूहळू लाल झाली. त्यांनी नळी उजेडात धरली, रेघ बघितली, माझे आकडे बघितले. मग नळी ठेवून दिली.

“कुणाला सांगितलंस?”

“तुम्हालाच.”

“लेपाने अपाय तर काही नाही ना? ते सगळं तपासलंय आपण.”

“अपाय नाही, सर.”

“मग सोमवारी लावू. लोकांच्या डोळ्यांत काय होतं तेच दिसेल. तोच खरा प्रयोग. नळ्यांचं नंतर निस्तरता येईल.”

“पण लेपाला गुण आहे की नाही हेच—”

“गुण नाही असं तरी तू दाखवलंयस का?” सर पुढे झुकले. “नीट बोल. गुण नाही, असं नाही म्हणता येत तुला. ‘आढळला नाही’ एवढंच म्हणता येतं.”

ते बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की मला त्यांचा डबा उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटला. तोच शब्द, आणि तो आत्याच्या पेन्सिलीतून निघून, कुठून कुठून फिरून, चुकीच्या माणसाच्या तोंडात येऊन बसला होता. मी काहीतरी बाणेदार बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “सर, पत्रकात तसं नाही लिहिलेलं. पत्रकात ‘चिकटत नाहीत’ आहे. ते वाचून बारा जणांनी सही केलीय.”

“ते तूच लिहिलंस.”

“हो. मीच.”

माझ्या नेमणुकीची मुदत या महिनाअखेर संपते. ती वाढवून मिळण्यासाठी सर जे पत्र लिहिणार होते त्याचा सगळा भार दारावरच्या त्या आलेखावर होता, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. आणखी काय माहीत होतं? की मी गप्प बसले असते तर सोमवारी आत्या नव्या लेपाचा डोळा घालून आली असती, आणि दोन दिवस, नुसत्या पॉलिशने, तो छान गुळगुळीत राहिला असता. ती खूश झाली असती. मग पाणी पुन्हा सुरू झालं असतं आणि तिने मला सांगितलं नसतं. मला वाईट वाटू नये म्हणून, पाठ फिरवून, पुसत राहिली असती. मला हे इतकं स्पष्ट दिसलं की मी नळी परत हातात घेतली.

“सोमवार रद्द कर,” सर म्हणाले. “आणि बारा फोन तूच कर. माझ्याने नाही होणार. पत्रात मी काय लिहू, तेही तूच सांग आता.” डब्याचं झाकण त्यांनी इतक्या जोरात लावलं की ते वाकडं बसलं, आणि ते नीट करण्यात त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मी दाराबाहेर आले तेव्हा आतून आवाज आला, “आणि तो कागद काढ दारावरून.”

अकरा फोन केले. अकरा जणांना एकच वाक्य सांगताना ते वाक्य झिजत गेलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, काही हरकत नाही बाळ. ते ‘बाळ’ मला जास्त झोंबलं. एक बाई म्हणाली, तुम्हाला खेळ वाटतो का हा? तिच्याशी माझं जमलं. सातवा फोन मी केला नाही. कारागिराकडे गेले.

त्याचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली, खिडकीपाशी फिरतं चाक, आणि उथळ खणांत शेकडो बुबुळं, तपकिरीच्या चाळीस छटा. आत्याचा डोळा पॉलिश होऊन कापडावर पडला होता, कोरा, लखलखीत. “लेप नाही?” कारागीर म्हणाला. “बरं झालं. म्हणजे, वाईट झालं. पण या बाईंचा डोळा मी वीस वर्षं घासतोय. दर सहा महिन्यांनी यायच्या, आता दर दोन महिन्यांनी येतात. त्यांना सांगा, हाताला साबण जास्त नको, तोही डोळ्यावर बसतो.” त्याने डोळा छोट्या डबीत घातला. प्लास्टिकच्या डबीत. मी ती बसभर मुठीत धरून बसले आणि डबीच्या आतल्या भिंतींचा विचार करत राहिले. डोकं एकदा एका गोष्टीला धरलं की सुटत नाही, हा माझा दुर्गुण.

मी पोचले तोवर आत्या छापखान्यातून तिच्या घरी आली होती. पट्टी लावून टेबलाशी बसली होती, समोर मुद्रितं, हातात पेन्सिल. मी डबी टेबलावर ठेवली.

“हा लवकर कसा आला?” ती म्हणाली. “लेप सोमवारी ना?”

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, काच आणि प्लास्टिक, विरळ द्रावण, अंगठा, मागणीपत्र, सर. मी भरभर बोलत होते आणि वाट बघत होते. आता ती म्हणेल. चौथी ओळ. माझ्या पेन्सिलीवर रबर फिरवलंस, म्हणेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं, एक नाही, तीन. आत्याने पेन्सिल ओळीवर आडवी ठेवली, म्हणजे ओळ हरवू नये.

“म्हणजे सोमवारी नाही.”

“नाही.”

“मग कधी?”

“काचेत सगळं पुन्हा करावं लागेल. दोन्ही प्रकारच्या चकत्या, एकाच वेळी, एकाच तऱ्हेच्या नळीत. चार-सहा महिने. मला मुदत मिळाली तर. आणि लेप खरंच चालत असेल तर.”

“असेल तर,” आत्या म्हणाली. चूक सापडली की ती शब्द असा मोठ्याने वाचते. मग ती डबी घेऊन उठली आणि बेसिनपाशी गेली. मी मागे गेले, लहानपणी जायची तशी, दाराला टेकून. तिने पट्टी काढली, हात धुतले, साबण जास्तच घेतला. कारागिराचा निरोप मी मनातच ठेवला. खालची पापणी ओढून, वरची उचलून, अंगठ्याने एका झटक्यात डोळा बसवला. आरशात दोन डोळे झाले. ती बघत राहिली. आरशात मीही तिच्याकडे बघत राहिले, आधी सवयीने डावीकडे. इतकी वर्षं मी त्याच डोळ्याकडे बघत आलेय: किती वाहतोय, किती लाल, आज कमी आहे का. दुसऱ्याशी ताडून बघायचं मला कधी सुचलं नव्हतं. एकच चेहरा, एकच दिवस, तुलनेला याहून चांगली जागा जगात कुठे असेल.

डावा डोळा पॉलिशने चमकत होता, कोरडा. आत्याने बाहीतून रुमाल काढला, आणि तो उजव्या डोळ्याला लावला. काढला, पुन्हा लावला.

“काय बघतेस?” ती म्हणाली. “नळ बंद कर.”